खिशातले पिस्तूल : एक अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले, तेव्हा आमच्या तात्यांनी माझ्यापुढे एक प्रश्न टाकला. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे सोसायटीची नोटीस असो, दवाखान्याची चिठ्ठी असो की विजेचे बिल असो, घरात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या हाती येतो. या खेपेला कागद नव्हता. तात्यांनी मोबाइलवर एका छोट्या पिस्तुलाचे चित्र दाखवले आणि म्हणाले, "पोरी, असलं खिशात मावणारं एखादं घ्यायचं म्हणतोय. चोरून नव्हं, परवाना काढून. त्यातलं कुठलं चांगलं, ते तू वाचून सांग."

कारण जुनेच होते. मळ्याचा बांध. भाऊबंदांनी नांगर घालून तो दरवर्षी वीतभर आत सरकवला, असे तात्यांचे म्हणणे. आम्हीच सरकवला, असे त्यांचे म्हणणे. पावसाळ्यात शब्दाला शब्द लागला आणि "रात्री विहिरीवर येतोसच की" असे कोणीतरी बोलून गेले. आमच्याकडे शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. दारे धरायला तात्यांना अंधारात एकट्याने जावे लागते. म्हणून त्यांना कमरेला लावता येईल, पण कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही, असे हत्यार हवे होते.

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. शस्त्रांचा आणि माझा संबंध दसऱ्याच्या पूजेपुरता, तोही विळा-कोयत्याशी. तरी एवढ्या विश्वासाने विचारलेल्या प्रश्नाला "मला ठाऊक नाही" असे उत्तर देणे बरे वाटेना. सुट्टीत आणि नंतर कॉलेजच्या ग्रंथालयात बसून मी जे वाचले, समजून घेतले, ते या लेखात मांडत आहे. प्रश्न एका घरचा असला तरी तो अनेक घरांत निघत असावा, असे मला वाटते.

प्रथम साधी ओळख. हातात धरून झाडायच्या बंदुकीचे मुख्य प्रकार दोन. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरते चक्र असते आणि त्याच्या घरांत पाच-सहा काडतुसे बसतात. पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात आणि एक गोळी सुटली की तिच्याच जोराने दुसरी नळीत येते. रिव्हॉल्व्हरची रचना समजायला सोपी. पिस्तूल चपटे, म्हणून कपड्याखाली कमी उठून दिसते. .३२ बोअर म्हणजे सुमारे ०.३२ इंच व्यासाची गोळी. या जातीचे पिस्तुलाचे काडतूस जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराने १८९९ च्या सुमारास सिद्ध केले आणि खऱ्या अर्थाने खिशात मावणारी पिस्तुले त्यानंतर जगभर पसरली. चंद्रशेखर आझादांजवळ २७ फेब्रुवारी १९३१ रोजी जे कोल्ट पिस्तूल होते, तेही .३२ चेच. प्रयागराजच्या संग्रहालयात ते आजही ठेवलेले आहे.

लहान पिस्तुलाचा इतिहास वाचताना एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, ती तळहातात लपेल एवढ्या डेरिंजर पिस्तुलातून. त्यात एकच गोळी असे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल झाडले. कान्हेरे वयाने माझ्याहून लहान होते आणि असली पिस्तुले लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यात दडवून आणली गेली होती. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या, त्या छोट्या बेरेटा पिस्तुलातून. या तीन घटना एका तराजूत घालण्याचा माझा हेतू नाही. त्यांचे हेतू वेगळे, त्यांचा न्याय इतिहासाने वेगवेगळा केला आहे. परंतु हत्याराच्या बाजूने पाहिले तर तिन्हींत एक साम्य आहे. दडवलेल्या पिस्तुलाचा लाभ ज्याने आधी ठरवले होते त्याला मिळाला. जो बेसावध होता त्याला नव्हे. तात्यांना हत्यार हवे होते ते बेसावध क्षणासाठी. तेव्हा हा फरक मी वहीत लिहून ठेवला.

रोज अंगावर लपवून पिस्तूल बाळगण्याचा प्रघात जगात सर्वांत अधिक आहे तो अमेरिकेत. तिथल्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ च्या दुसऱ्या दुरुस्तीने आला. त्याला बांध घालणारे कायदेही होते. न्यू यॉर्क राज्याने १९११ मध्ये लपवता येणाऱ्या शस्त्रांना परवाना सक्तीचा केला आणि तिथे पुढे अशी परिस्थिती आली की, अंगावर पिस्तूल बाळगायचे तर 'इतरांपेक्षा मला विशेष धोका आहे' हे अर्जदाराला दाखवून द्यावे लागे. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली. आज तिथल्या निम्म्याहून अधिक राज्यांत लपवून पिस्तूल बाळगायला वेगळा परवानाही लागत नाही. साहजिकच 'कोणते घ्यावे' या प्रश्नाचे तिथे एक शास्त्रच होऊन बसले आहे. ते मी समजून घेतले, कारण तात्यांचा प्रश्न तोच होता.

या शास्त्राचे सार असे की, निवड म्हणजे देवघेव आहे. एक गुण घ्यावा तर दुसरा सोडावा लागतो. ग्लॉक १९ हे १९८८ मध्ये आलेले पिस्तूल मध्यम आकाराचे. नळी सुमारे १० सेंटिमीटर, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. मूठ हातात पुरती बसते, नेम धरायला बरे. पण उन्हाळ्याच्या पातळ कपड्यात ते दडवणे अवघड. उलट १९५० पासून बनत आलेली स्मिथ अँड वेसनची पाच गोळ्यांची बुटकी रिव्हॉल्व्हर खिशात सहज जाते. पण तिचा चाप जड, नळी आखूड आणि गोळ्या थोड्या. सिग कंपनीने २०१८ मध्ये पी ३६५ नावाचे पिस्तूल काढले. सुमारे ८ सेंटिमीटर नळी, जेमतेम अर्धा किलो वजन आणि तरी मॅगझिनमध्ये १० गोळ्या. लहान आकारात एवढ्या गोळ्या बसवल्या म्हणून त्याचा फार बोलबाला झाला.

पण लहानपणाची किंमत द्यावीच लागते. गोळी सुटताना हाताला मागे धक्का बसतो. हत्यार जड असेल तर तो धक्का हत्यारच पचवते; हलके असेल तर तो मनगटावर येतो. नळीच्या दोन टोकांना नेमाच्या खुणा असतात. त्यांतले अंतर जेवढे कमी, तेवढी हाताची बारीकशी चूकही पुढे मोठी होते. मूठ आखूड असेल तर करंगळीला जागा उरत नाही. म्हणजे नवख्या माणसाला जे पिस्तूल घ्यायला सोपे वाटते, तेच चालवायला कठीण असते. जाणकार म्हणून सांगतात की पिस्तूल हातात धरून, शक्य तर झाडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. दुसरे, चाप पूर्ण झाकणारे घट्ट होल्स्टर घ्यावे. नुसते खिशात टाकलेले पिस्तूल किल्लीला किंवा कपड्याला अडकून सुटू शकते. आणि तिसरे म्हणजे सराव. महिन्यामागून महिने, खर्च करून, गोळ्या झाडून सराव. जो तेवढा करणार नाही, त्याच्या हातात चांगले पिस्तूल आणि वाईट पिस्तूल यांत फारसा भेद उरत नाही.

आता आपला देश. इथे १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे. शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे हक्क नाही. ती परवान्याने मिळणारी मुभा आहे. जिल्हाधिकारी, आणि पोलीस आयुक्तालय असेल तिथे आयुक्त, पोलिसांचा अहवाल मागवून परवाना देतात किंवा नाकारतात. एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय परवाना नाही. २०१६ च्या नियमांनुसार हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण आणि वैद्यकीय दाखलाही लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळ जास्तीत जास्त दोन बंदुका, अशी मर्यादा घातली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. पिस्तूल सार्वजनिक ठिकाणी न्यायचे ते होल्स्टरमध्ये. ते काढून मिरवणे हा गुन्हा. निवडणुका आल्या की अनेकांना ते पोलीस ठाण्यात जमा करावे लागते.

निवडीलाही इथे फारसा वाव नाही. अमेरिकेत सर्वाधिक चालणारी ९ मिलिमीटरची जात सामान्य नागरिकाला वर्ज्य आहे. खिशातल्या पिस्तुलासाठी उरते ती मुख्यतः .३२. सरकारी कारखान्यांत या जातीचे 'अशनी' नावाचे पिस्तूल होते, तसेच 'निर्भीक' नावाची रिव्हॉल्व्हर. 'निर्भीक' कानपूरच्या कारखान्याने २०१४ च्या आरंभी काढली; वजन सुमारे अर्धा किलो, सहा गोळ्या, आणि तेव्हाची किंमत एक लाख वीस हजारांच्या वर. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या त्या भयंकर घटनेनंतर ती स्त्रियांसाठी म्हणून पुढे आणली गेली. पर्समध्ये मावेल अशी.

इथे मी क्षणभर थांबले, कारण हा प्रश्न आता माझाही झाला. मी रोज संध्याकाळच्या शेवटच्या एस.टी.ने गावी जाते. फाट्यापासून घरापर्यंत अंधार असतो. माझ्या पर्समध्ये 'निर्भीक' असती तर मी निर्भीक झाले असते का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे एक गोष्ट दिसते, की बलात्काराच्या बहुतेक नोंदींत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचा असतो. ज्याला आपण मामा, दादा, सर म्हणतो, त्याच्यासमोर पर्स उघडून पिस्तूल काढण्याची तयारी कोणती मुलगी सदैव ठेवील? आणि लाखाच्या वर किमतीचे हत्यार कोणत्या घरातली मुलगी घेईल? मला तर फाट्यावर एक दिवा आणि वेळेवर सुटणारी गाडी मिळाली तरी पुष्कळ झाले.

मग मी तात्यांची रात्र डोळ्यांसमोर आणली. धोतर वर खोचलेले, पाय चिखलात, एका हातात बॅटरी, दुसऱ्यात फावडे. दारे धरणारा माणूस वाकलेला असतो. त्याची नजर पाण्याकडे असते. कमरेच्या होल्स्टरला ओल लागते, चिखल लागतो. कोणी अंगावर आलेच तर ते मागून आणि हाताच्या अंतरावरून येणार. फावडे टाकून, सदरा वर करून, पिस्तूल काढून, अंधारात नेम धरण्याइतका अवकाश तात्यांना कोण देणार? शिवाय पिस्तूल लपवलेले असले तर शत्रूला त्याचा धाक नाही. दाखवावे तर कायद्याचा भंग आणि भांडणाला नवी धार. एक जण घेतो म्हणून दुसरा घेतो. वीतभर बांधासाठी दोन घरांत दोन पिस्तुले आली, तर बांध कोणाचा हे मग कोण ठरवणार?

कायदा स्वसंरक्षणाचा हक्क मानतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो दिला आहे. पूर्वी तो दंडसंहितेत होता. पण त्याला दोन कुंपणे आहेत. संरक्षणासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि सरकारी यंत्रणेकडे दाद मागायला वेळ असेल तर तो हक्क उरत नाही. आमचे भांडण सहा वर्षांचे. दाद मागायला सहा वर्षे वेळ होता. आम्ही मागितलीच नव्हती.

शेवटची गोष्ट मला सर्वांत जड गेली, तरी ती लिहिते. पिस्तूल दिवसाचा एखादा तास विहिरीवर असेल. उरलेले तेवीस तास ते घरात असणार. त्या तेवीस तासांचा विचार निवडीच्या शास्त्रात फार मागे येतो. अमेरिकेत २०२१ या एका वर्षात बंदुकीने ४८,८३० माणसे मेली. त्यांतली २६,३२८ माणसे स्वतःच्या हाताने गेली. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा बंदुकीने मारलेला माणूस शत्रू नव्हता, चोर नव्हता. तो बंदूक हाती घेणारा स्वतःच होता. जीव नकोसा होण्याची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर माणूस उरतो की जातो हे ठरते. श्रीलंकेने अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी आणल्यावर तिथल्या आत्महत्या पुष्कळ घटल्या, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे.

आमचे घर दोन खोल्यांचे. मौल्यवान म्हणावे ते सारे एका पत्र्याच्या ट्रंकेत आणि तिची किल्ली देवापाशी खिळ्याला. ती कुठे आहे हे चार वर्षांच्या पिंट्यालाही ठाऊक. दोन वर्षांपूर्वी कांदा मातीमोल झाला, त्या हिवाळ्यात तात्या कोणाशी बोलत नसत. तेव्हा आईने फवारणीच्या औषधाचा डबा शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवला होता. का, ते तिने कोणाला सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. मी आकडे वाचत होते, तेव्हा मला तो डबा आठवला. माझ्या आईने शाळा पाहिलेली नाही. जे समजायला मला एवढी पाने वाचावी लागली, ते तिला त्या हिवाळ्यातच समजले होते.

पुढच्या सुट्टीत मी तात्यांना सारे सांगितले. डब्याचे सोडून. नळी, वजन, धक्का, परवाना, किंमत, ट्रंकेची किल्ली. म्हटले, "तात्या, कुठलं घ्यायचं हा शेवटचा प्रश्न. आधी तुम्हाला भीती कोणाची, कुठे आणि केव्हा, ते धरू या. मग त्यावर इलाज शोधू." ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि उद्या अंगावर आलाच तर?" या प्रश्नाचे पुरते उत्तर माझ्यापाशी नव्हते, आजही नाही. धमकीची नोंद पोलीस ठाण्यात करता येते, रात्री एकट्याने न जाता जोडीने जाता येते, एवढेच मी सांगू शकले. धाकटे काका जोडीला जायला तयार झाले. पिस्तुलाच्या किमतीत विहिरीपासून मळ्यापर्यंत उजेड आणि तारेचे कुंपण होऊन पैसे उरतील, हा हिशेब मात्र तात्यांना पटला.

आणि एक अर्ज मी लिहून दिला. तो शस्त्राच्या परवान्याचा नव्हता, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाला मोजणीचा होता. सातबारा जोडला, फी भरली. रीतीप्रमाणे लगतच्या खातेदारांनाही नोटीस गेली.

ती नोटीस घेऊन एका संध्याकाळी ते भाऊबंद आमच्याच ओसरीवर आले. त्यांचा मुलगा पुण्याला कामाला. घरी चष्मा लावूनही अक्षर लागेना. म्हणाले, "पोरी, एवढं वाचून दाव." तात्या बाजेवर बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण उठूनही गेले नाहीत. मी तारीख, गट क्रमांक, 'हजर राहावे' हे सारे मोठ्याने वाचले. दोघांनीही ऐकले.

मोजणी अजून व्हायची आहे. बांध कोणाच्या बाजूला निघेल ते मला माहीत नाही. आमच्या विरुद्ध निघाला तर तात्या ते मानतील का, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मोबाइलवरचे ते चित्र त्यांनी पुन्हा काढून दाखवलेले नाही.